तालुक्याच्या बर्गरवर परदेशवाल्यांनी नाक मुरडू नये

दिग्रसकर
दिवाळीला चुलतभाऊ इंग्लंडातल्या लीड्सहून आला होता. संध्याकाळी त्याला स्टँडसमोरच्या बर्गरच्या गाडीवर नेलं. आलूची टिक्की, पत्ताकोबी, पांढरा सॉस, लोणी लावून तव्यावर शेकलेला बन, साठ रुपये. भावाने वरचा बन दोन बोटांनी उचलला, आत डोकावला अन् म्हणाला, "हा तर चपटा केलेला आलुबोंडा आहे." खाल्ला मात्र पूर्ण.

हीच मंडळी परत जाताना जवसाची चटणी, सांडगे, तिखट बॅगेत कोंबतात. तिकडे भोपळ्याएवढं वांगं ओव्हनमध्ये भाजून भरीत करतात, फोटो टाकतात, अन् आम्ही इथून "वा वा" लिहितो. तुराट्यांच्या जाळावर भाजलेलं हिरवं वांगं कुठं अन् ते कुठं! पण आम्ही कधी त्याला खोटं म्हटलं नाही. मग आमच्या बर्गरला वेगळा न्याय काहून? मॅकडोनाल्ड्स १९९६ साली भारतात आलं तेव्हा त्यांनीही गोमांस बाजूलाच ठेवलं, अन् आलूची टिक्की घराघरात माहीत झाली. तिथं आमचा गाडीवाला कोणाचं काय देणं लागतो?

वर्धेची, मुक्काम लीड्स
दादा, मी तुमच्या चुलतभावाच्या बाजूने. बर्गरचा सगळा जीव कीम्यात. शंभरात वीस भाग चरबी असलेला जाडसर कीमा, मळायचा जवळजवळ नाहीच, मीठ भाजताना वरून, आणि तवा धूर निघेपर्यंत तापलेला. चरबी सुटते, खालची बाजू तपकिरी कडक होते, त्या वासासाठी माणूस बर्गर खातो. उकडलेल्या बटाट्यात ते होणारच नाही. मी गोमांस खात नाही, मेंढीच्या कीम्याचा करते, झकास होतो. तेव्हा धर्माची अडचण पुढे करू नका. सावजी रस्सा ओरपताना बोकड चालतो, मग कीमा बनात घालायलाच काय झालं?

आणि माझा खरा राग वेगळाच आहे. त्याच स्टँडवर मिरचीभजी कढईतून थेट कागदावर पडतात. ती सोडून पोट्टे गोड बन आणि गोड मेयोनीज खातात, हे पाहवत नाही.

गाडीवाला (तो नाही, दुसरा)
ताई, मटन किती रुपये किलो झालं ते पाह्यलं का? साठ रुपयात कीमा कुठून घालू? आलू उकडतो, हिरवी मिरची, सांभार म्हंजे कोथिंबीर, मीठ घालतो. टिक्की मैद्याच्या पातळ घोलात बुडवतो, टोस्टच्या चुऱ्यात लोळवतो अन् तळतो. बन सकाळच्या गाडीनं यवतमाळवरून येते. रात्रीपर्यंत उरला तं नुकसान माझं.

अन् भज्याचं म्हनता, तं त्या गाडीपाशी उभं कोन राह्यते? बाजूले पानठेला, खर्रा घोटनारे दहा जन. कॉलेजच्या पोरी तिथं थांबत नाहीत. माझ्याइथं चार खुर्च्या आहेत, पंखा आहे, कोनी वाकडं पाहत नाही. त्यायले बर्गर पाह्यजे असं नाही, बसाले जागा पाह्यजे.

पीठसोडा
भज्यांचा विषय निघालाच आहे तर. इंग्लंडात फिश अँड चिप्ससाठी कॉड किंवा हॅडॉकला जे पीठ लावतात, ते आणि आपल्या भज्यांचं पीठ एकच काम करतात: आतला जिन्नस स्वतःच्या वाफेवर शिजला पाहिजे आणि तेल आत शिरता कामा नये. मैद्यात ग्लूटेन असतं, जास्त घोटलं की आवरण चिवट होतं. म्हणून ते लोक थंडगार पाणी किंवा बिअर घालून जेमतेम कालवतात, गाठी राहिल्या तरी चालतात. बेसनात ग्लूटेन नाही, त्यामुळे आपण हात दुखेपर्यंत फेटतो, वरून कडकडीत तेलाचं मोहन घालतो, बिघडत काहीच नाही.

यॉर्कशायरमध्ये, म्हणजे लीड्सच्याच भागात, तळताना सुटलेले पिठाचे कण मागितले तर फुकट देतात, स्क्रॅप्स म्हणतात त्यांना. आपल्याकडे आठवडी बाजारात भजेवाला पोरांच्या हातावर चुरा ठेवतो, तीच रीत. फक्त एक लक्षात ठेवा: त्या भागात बरीच दुकानं गाईच्या चरबीत तळतात. "मी नुसते चिप्स खाते" म्हणणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावं.

दवाखाना रोड
चवीवर भांडा खुशाल, पण मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा ती सॉसची बाटली कुठे असते? शेजारच्या तेलंगणाने २०२४ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली होती. बिनअंड्याचं वापरलं तरी उघडलेली बाटली थंडाव्यातच हवी. आणि तेल! वापरलेल्या तेलात पोलर घटक (तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने वाढणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते फेकायचं, असा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियम २०१८ पासून आहे. मोजायला यंत्र लागतं हे खरं, पण काळं, चिकट, फेस धरणारं तेल ओळखायला डोळे पुरतात. हा नियम भजेवाल्यालाही लागू आहे बरं का, वर्धेच्या ताई.

पांढरं सोनं
राजेहो, कापूस वेचाले मानूस भेटून नाही राह्यला अन् तुमचं मेयोनीज चालू आहे.

डॅलसची सून, माहेर पुसद
मला दोन्ही बाजू पटत नाहीत. चिप्सच्या चरबीचा विषय निघाला म्हणून सांगते, अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सच्या फ्राइजमध्ये गोमांसाचा अर्क निघाला तेव्हा शाकाहारी लोक कोर्टात गेले होते. २००२ मध्ये कंपनीने १ कोटी डॉलर देऊन ते प्रकरण मिटवलं. म्हणजे तिकडचं ते सगळं अस्सल आणि नितळ, असं काही नसतं.

पण दिग्रसकर दादा, भरीत आणि बर्गर एका तराजूत घालू नका. ताप आला की मला वरण-भात आठवतो, भरीत आठवतं. माझ्या मुलांना? बर्गर. ती तिथेच जन्मली, त्यांचं घरचं खाणं तेच. पुसदला आली की पहिले दिवस आजीच्या हातचा गोळाभात मजेत खातात, मग चेहरे उतरतात. त्यांच्यासाठी परदेश हा आहे. धाकट्याने तुमच्यासारख्याच एका गाडीवरची टिक्की खाल्ली, सॉस कोपरापर्यंत ओघळला, आणि त्या रात्री तो न कुरकुरता झोपला. कीमा होता की आलू, त्याने विचारलं नाही.

दिग्रसकर
हे पोरांचं माझ्या ध्यानात नव्हतं, पण माझ्याच बाजूचं झालं ना वहिनी! चुलतभाऊ मात्र पोर नाही. चाळिशी उलटली त्याची.

वर्धेची, मुक्काम लीड्स
पोरांना माफ. खुर्च्यांचा मुद्दाही मान्य, मी त्याच वयात त्याच पानठेल्यावरून मान खाली घालून गेले आहे. पण मग भजेवाल्यानेही चार खुर्च्या टाकाव्यात की. आणि गाडीवाले दादा, टोस्टचा चुरा सोडा. मैद्यात चौथा हिस्सा तांदळाचं पीठ, चिमूटभर सोडा, फ्रीजमधलं पाणी, आणि कालवल्या कालवल्या तळा. ठेवून दिलं की बसतं.

गाडीवाला (तो नाही, दुसरा)
करून पाहतो ताई. कीम्याचा पन रविवारी लावतो, बाजाराच्या दिवशी. दीडशेच्या खाली परवडत नाही. ऑर्डर शनिवारपर्यंत सांगा, अन् उधारी नाही, दिग्रसकर भाऊले तं बिलकुल नाही.