अनुभव धागा: खास रात्रीसाठी नटलो, आणि मग...

गेल्या शनिवारी भाच्याचं रिसेप्शन होतं, लोअर परळच्या एका बड्या हॉटेलात. पत्रिकेवर ‘फॉर्मल’ असं ठसठशीत छापलेलं. ह्यांनी माळ्यावरून काळे बूट काढले. नऊ वर्षांपूर्वी घेतलेले, जेमतेम चारदा घातलेले, कागदात गुंडाळून खोक्यात ठेवलेले. पॉलिश केल्यावर अगदी नवेकोरे. लॉबीत शिरलो तर पांढऱ्या चकचकीत फरशीवर आमच्या मागे काळ्या चुऱ्याची रांग. मला वाटलं, कुणाच्या पिशवीतून काहीतरी सांडतंय. पाहते तर ह्यांच्या बुटांचे तळवे खारी बिस्किटासारखे भुगा होऊन गळत होते. स्टेजपर्यंत पोचेतो डावा तळवा संपलाच. फोटोत ह्यांचे पाय दिसत नाहीत, कारण ते नवरीच्या घेरदार लेहंग्याच्या मागे उभे आहेत.

तर मंडळी, लिहा. फोटोत दिसतं ते नको. फोटोच्या आधीचं आणि नंतरचं सांगा. काय नेसलात, कुणाकडून उसनं आणलंत, कुठे उसवलं, कुणी सावरून घेतलं. जागा कुठलीही चालेल, रात्र मात्र खास हवी.

चिंचवडकर

ताई, यात ह्यांचा काही दोष नाही. बुटांचे तळ बनवणाऱ्या कारखान्यात मी अकरा वर्षं काढली आहेत. तो तळ पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा. हवेतला दमटपणा त्याला आतून खातो. न वापरता ठेवला म्हणजे टिकला, असं नसतं. मुंबईच्या हवेत बंद खोक्यात तर नाहीच नाही. वरच्या चामड्याला काही होत नाही, म्हणून बूट दिसतो नवा आणि पाय टाकला की भुगा. निघायच्या आदल्या दिवशी तळावर अंगठा जोरात दाबून बघायचा. फुटला तर घरीच फुटू दे. आणि बूट फेकू नका, मोची नवा तळ लावून देतो.

जुनी दादरकर

आमच्या वेळी हॉटेलात कोण जात होतं! नाटक हीच आमची खास रात्र. शिवाजी मंदिर १९६५ साली सुरू झालं आणि मी ७० साली लग्न होऊन दादरला आले. चालत दहा मिनिटं. पण त्या दहा मिनिटांच्या तयारीला दुपारचा चहा झाला की सुरुवात.

आम्ही तिघी जावा. सासूबाईंच्या मोत्यांच्या कुड्या एकच जोड. त्या मिळायच्या पाळीपाळीने, आणि पाळी चुकली तर आठवडाभर अबोला. एकदा धाकटीची आणि माझी तिकिटं एकाच प्रयोगाची निघाली. सासूबाईंनी निवाडा केला: एक तुला, एक तिला. तेव्हा कानावरून केस वळवायची फॅशन होती, त्यामुळे माझा उजवा कान मोकळा, तिचा डावा, बाकीचे दोन केसांखाली झाकलेले. बसतानाही तसंच बसलो, मी उजवीकडे, ती डावीकडे, म्हणजे दोन्ही बाजूंनी बघणाऱ्याला कुडी दिसावी. मध्यंतरात शेजारच्या बाईंनी विचारलं, “दोघींच्या कुड्या अगदी सारख्या, एकाच सोनाराकडच्या का हो?” धाकटी म्हणाली, “एकाच.” खोटं कुठे बोलली?

बटाटेवड्याचं तेल नारायणपेठीच्या पदरावर सांडलं की घरी येऊन टाल्कम पावडर थापायची, रात्रभर ठेवायची, सकाळी झटकायची. अजूनही मी तेच करते. हल्ली नाटकाला लोक अर्ध्या चड्डीवर येतात. येऊ देत, पण मग वड्याला तरी त्यांनी नावं ठेवू नयेत.

कल्याण स्लो

चापाची नथ. मंचाव सूप. पुढचं सांगायला नको.

(सांगते. वेटरने दुसरा बाऊल आणून दिला. नथ पहिल्याच बाऊलमध्ये, आणि तो बाऊल गेला आत. मावशी स्वयंपाकघरापर्यंत गेली आणि नथ घेऊनच आली. वास अजून सोया सॉसचा येतो.)

डॅन्यूबकाठची

मी व्हिएन्नात राहते. इथे थंडीत बॉलचा हंगाम असतो, म्हणजे नाचाच्या रात्री. जोर जानेवारी-फेब्रुवारीत, ख्रिश्चनांचे ईस्टरआधीचे उपास सुरू होईपर्यंत. ऑपेरा हाउसातला बॉल जगाला ठाऊक असतो, पण गंमत बाकीच्यांत आहे. कॉफीहाउसवाल्यांचा वेगळा, मिठाईवाल्यांचा वेगळा, शिकाऱ्यांचा वेगळा. आम्हाला कॉफीहाउसवाल्यांच्या बॉलची तिकिटं मिळाली. तो होतो हॉफबुर्गमध्ये, म्हणजे जुन्या बादशाही राजवाड्यात.

नियम कडक. बायकांचा पोशाख जमिनीपर्यंत हवा, घोटे दिसले की दारातूनच परत. पुरुषांना निदान टक्सिडो तरी हवा, आणि ऑपेरा बॉलला तर मागे शेपटीवाला कोटच. हे सगळं इथे भाड्याने मिळतं, नवऱ्याने तेच केलं. मी म्हटलं, जमिनीपर्यंतच हवं ना? मग आईची जांभळी पैठणी आहे की!

बाहेर उणे चार. परकराखाली लोकरीची लेगिंग, पायात बर्फातले बूट, हातात सँडलची पिशवी. इथे कोट-बूट ठेवायची मोठी जागा असते, निम्म्या बायका तिथे वाकून बूटच बदलत असतात. एवढ्या झगमगाटात तेवढं दृश्य अगदी आपल्या लग्नाच्या हॉलबाहेरचं.

खरी कसोटी वॉल्ट्झची. तीन ठेक्यांवर गरगर फिरायचं तर निऱ्या पायात येतात. मी घरी आठवडाभर सराव करून शोधून काढलं: निऱ्या नेहमीपेक्षा दोन कमी, म्हणजे पायाशी घोळ कमी होतो. साडी अर्धा इंच वर, आणि निऱ्यांना गुडघ्याच्या खाली आतून एक पिन. पदर खांद्यावर दोन ठिकाणी टाचलेला आणि टोक डाव्या हातात. वॉल्ट्झ निभावला. मग मध्यरात्री आलं क्वाड्रिल. शेकडो माणसं समोरासमोर रांगा करून उभी, आणि एक गृहस्थ फ्रेंचमध्ये पुढचं पाऊल काय ते सांगणार. कुणाला काही कळत नाही, वेग वाढत जातो, सगळे एकमेकांवर आदळतात आणि हसतात. एका उंच तरुणाचा पाय माझ्या काठावर पडला, मी पुढे, साडी मागे. पिनेने राखलं. पिनेचं टोक मात्र गुडघ्यात घुसलं ते दोन दिवस दुखत होतं.

बाहेर पडताना एका आजीबाईंनी पदरावरच्या मोरावर बोट ठेवून विचारलं, हे छापलंय का? मी पदर उलटा करून दाखवला. त्यांनी चष्मा लावला आणि कितीतरी वेळ बघत राहिल्या. पहाटे चारला रस्त्यावरच्या टपरीवर सॉसेज खाल्लं, पैठणीत, बर्फातल्या बुटांवर.

येवल्याची सून

डॅन्यूबकाठच्या ताई, पदर उलटा करून दाखवलात ते वाचून माझ्या सासऱ्यांनी मान डोलावली. हातमागाच्या पैठणीची हीच खूण, पदराची मागची बाजूही पुढच्यासारखी स्वच्छ असते, लोंबते धागे नसतात.

पण ती आईची आहे म्हणून सांगते, घडी बदलत राहा. आमच्या आत्याबाईंनी मुलीच्या संगीताच्या रात्रीसाठी बावीस वर्षांनी पैठणी काढली. तेवढी वर्षं एकाच घडीत. नेसून झाली, आरशासमोर वळल्या आणि पाठीवर सरळ रेषेत फाटली, कात्रीने कापल्यासारखी. रेशीम घडीवरच कमकुवत होतं आणि जरीची धार त्याला कापते. आत्याबाई रडल्या नाहीत, पण पाच मिनिटं पलंगावर नुसत्या बसून होत्या. मग त्यांच्या नातीने फाटका भाग निऱ्यांत जाईल अशी साडी उलट्या बाजूने फिरवून नेसवली. कुणाला कळलंही नाही.

मलमलच्या कापडात ठेवा. तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडून घाला. डांबरगोळी जरीला लागू देऊ नका. आणि अत्तर, सेंट जे काय असेल ते साडी नेसायच्या आधी अंगाला लावा. जरीवर फवारलं तर ती काळी पडते.

बांद्याचा

आमचं गाव गोव्याच्या वेशीवर. कार्निव्हलच्या शेवटच्या मंगळवारी पणजीत क्लब नॅशनलचा लाल-काळा नाच असतो, त्याला लाल नाहीतर काळं घालून जायचं. मित्राने फोन केला संध्याकाळी पाचला. काळी पँट होती. लाल म्हणजे घरात एकच वस्तू, आमच्या भजनी मंडळाचा झब्बा, पाठीवर मंडळाचं नाव. तोच घातला. एका गोंयकार काकांनी पाठ वाचून विचारलं, “ही खंयची बँड?” पहाटेपर्यंत मी बँडवालाच होतो, दोन बियर फुकट मिळाल्या. झब्ब्यावर डाग पडला तो बुवांनी एकादशीला पाहिला. मी सांगितलं, कुंकू.

पेठेतला

सवाई गंधर्व महोत्सव रमणबागेत रात्रभर चालायचा तेव्हाची गोष्ट. डिसेंबरची थंडी, उघडं मैदान, खाली भारतीय बैठक. बाबा वर्षभर एकच ढगळ कोट घालणारा माणूस, पण सवाईला इस्त्रीचा रेशमी झब्बा, जाकीट, खांद्यावर काश्मिरी शाल. आणि आत? कानटोपी, दोन स्वेटर, पायजम्याखाली दुसरा पायजमा. झब्बा फुगून ते दुप्पट दिसायचे. आई म्हणायची, “गाणं ऐकायला चाललाय की कुस्ती बघायला?” पहाटे भैरवीला ती शाल माझ्या अंगावर यायची आणि मी झोपायचो. खरं सांगायचं तर सवाईतली एकही भैरवी मी त्या वयात ऐकलेली नाही.

(धागा काढणारी)

सगळ्यांचे आभार. दादरकर आजी, कुड्या आता कुणाकडे आहेत तेही सांगा.

ह्यांचे बूट काल मोच्याकडे दिले. म्हणाला, चामडं उत्तम आहे, रबरी तळ लावून देतो, साडेपाचशे. मग चिंचवडकरांचं ऐकून मी माझ्या चंदेरी सँडल खोक्यातून काढल्या. पुढच्या महिन्यात नणंदेच्या पंचविसाव्या वाढदिवसाची, म्हणजे लग्नाच्या हो, पार्टी आहे. अंगठ्याने दाबून पाहिलं. अंगठा आत गेला.