मानेवरचं औषध टाकूनही गोचीड हटत नाहीत – लॅब्रॅडॉर, २७ किलो

अंगण_संगमेश्वर

नमस्कार. कुत्रा लॅब्रॅडॉर, नर, ४ वर्षांचा, वजन २७ किलो. घर चिऱ्याचं, कौलारू. मागे गोठा, त्यात २ गाई. एक मांजरही आहे. दोघं पडवीत एकाच गोणपाटावर झोपतात.

मेअखेरीला फिप्रोनिलचं मानेवर टाकायचं औषध टाकलं, जूनअखेरीला दुसरं. दोन्ही वेळा १.३४ मिलीची पिपेट. पहिले चार दिवस मेलेले गोचीड गळताना दिसले. मग कानात, बोटांच्या बेचक्यांत, गळपट्ट्याखाली पुन्हा नवे. शेपटीच्या बुडाशी पिसवाही आहेत, खाजवून खाजवून तिथले केस गेलेत. दर रविवारी गोचीडनाशक शाम्पूने आंघोळ चालू आहे.

आता तीन गोष्टी विचारायच्या आहेत. औषध बदलू का? गोठ्यात गाईंसाठी आणलेलं १२.५ टक्के अमिट्राझ आहे, त्याचं एक झाकण तांब्याभर पाण्यात घालून अंग पुसलं तर चालेल का? आणि पडवीच्या भिंतीवरून वाशांकडे चढणारे गोचीड दिसतात, ते गाईंचे की कुत्र्याचे?

पशुवैद्य_सातारा

ताई, औषध बदलण्याआधी तुम्हीच लिहिलेल्या दोन गोष्टी बघा: १.३४ मिली आणि दर रविवारची आंघोळ. बहुतेक घोळ तिथेच आहे.

फिप्रोनिलच्या पिपेट वजनाप्रमाणे येतात. २ ते १० किलोला ०.६७ मिली, १० ते २० किलोला १.३४, २० ते ४० किलोला २.६८, आणि ४० ते ६० किलोला ४.०२. औषध साधारण १० टक्क्यांचं असतं, म्हणजे १ मिलीत १०० मिलिग्रॅम. तुमच्या कुत्र्याला १३४ मिलिग्रॅम मिळालं, किलोमागे ५ पेक्षाही कमी. त्या गटातल्या सर्वांत जड, २० किलोच्या कुत्र्यालाही किलोमागे ६.७ मिळतं. कमी मात्रेत पहिले काही दिवस परिणाम दिसतो आणि महिना संपायच्या आत तो विरतो. तुमच्याकडे नेमकं तेच झालंय. २७ किलोला २.६८ चीच पिपेट हवी.

आता आंघोळ. हे औषध रक्तातून काम करत नाही. ते कातडीवरच्या तेलकट थरातून दीड-दोन दिवसांत अंगभर पसरतं, केसांच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथींत साठतं आणि तिथून महिनाभर थोडं थोडं वर येत राहतं. शाम्पूचं कामच तेल काढायचं. आंघोळ घालून लगेच औषध टाकलं तर पसरायला तेल नसतं, औषधानंतर लगेच घातली तर पसरलेलं धुऊन जातं. म्हणून आधी ४८ तास आणि नंतर ४८ तास आंघोळ नको. त्यानंतर एखाद वेळ पावसात भिजला तर बिघडत नाही, पण दर आठवड्याला शाम्पू म्हणजे साठा उपसत राहणं.

टाकण्याची पद्धतही लिहितो, कारण बरेचदा औषध केसांवरच राहतं आणि कातडीपर्यंत पोचतच नाही. कुत्रा पूर्ण कोरडा हवा. तुमच्याकडच्या जुलैत हे अवघड आहे हे मान्य, पण पंख्याखाली तासभर बसवा. पिपेट उभी धरून नळीवर टिचकी मारा म्हणजे औषध खाली उतरतं, मग टोक मोडा. मानेच्या बुडाशी, दोन खांद्यांच्या पात्यांच्या मधोमध, जिथे त्याची जीभ पोचत नाही, तिथले केस दोन्ही बाजूंना सारून गोरी कातडी दिसेपर्यंत भांग पाडा. पिपेटचं टोक कातडीला टेकवून सावकाश पिळा. लॅब्रॅडॉरचे आतले केस दाट असतात, म्हणून पाठीच्या कण्यावरच बोटभर अंतराने दोन-तीन जागी वाटून टाका. चोळू नका. जखम किंवा चट्टा असेल ती जागा टाळा. जागा वाळेपर्यंत हात लावू नका आणि त्या रात्री मुलांना त्याच्याजवळ झोपवू नका.

चाटलं तर तोंडाला फेस येतो, लाळ गळते, ते बहुधा थोड्या वेळाने थांबतं. कातडी लाल होऊन कुत्रा बेचैन झाला तर भांडी घासायच्या द्रव साबणाने जागा धुवा आणि डॉक्टरांना कळवा.

अजून एक. फिप्रोनिल गोचीड चिकटू देत नाही असं नाही. चिकटलेला मरायला ४८ तासांपर्यंत लागतात, पिसू साधारण दिवसभरात मरते. त्यामुळे अंगावर गोचीड दिसला म्हणजे औषध फुकट गेलं असं नव्हे. तो वाळलेला, चपटा आहे की फुगत चाललाय ते बघा.

अमिट्राझ: नाही. १२.५ टक्के म्हणजे १ मिलीत १२५ मिलिग्रॅम. लिटरभर पाण्यात २ मिली घातलं की २५० पीपीएम (दहा लाख भागांत २५० भाग) होतं. झाकण ५ मिलीचं आणि तांब्या अर्ध्या लिटरचा धरा: १२५० पीपीएम, पाचपट. मग कुत्रा सुस्त पडतो, नाडी मंदावते, अंग गार पडतं, रक्तातली साखर चढते. मधुमेही कुत्र्याला, लहान पिल्लांना आणि मांजराला तर ते अजिबात लावायचं नाही. घरात कुणाला मधुमेह असेल तर त्यांनीही ते हाताळू नये. शिवाय पिसवांवर त्याचा उपयोग नसतो, म्हणजे तुमचा निम्मा त्रास तसाच राहणार. शेतीसाठीचं फिप्रोनिल किंवा गाईंच्या पाठीवर ओतायचं औषध कुत्र्याला लावायचा सल्ला कुणी दिला तर तोही ऐकू नका. त्यातला द्रावक आणि मात्रा कुत्र्यासाठी ठरवलेली नसते.

मांजरपक्ष

एकाच गोणपाटावर मांजर झोपतं हे वाचून थांबले. ताई, शाम्पूच्या बाटलीवरचे घटक आत्ताच वाचा. परमेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन लिहिलंय का?

परमेथ्रिन कुत्र्याच्या यकृतात मोडतं, मांजराच्या यकृतात ते मोडायची यंत्रणा फार तोकडी असते. ते अंगात राहतं आणि कान फडफडणं, अंगभर थरथर, मग झटके, असा क्रम लागतो. कुत्र्यांसाठीच्या काही स्पॉट-ऑनमध्ये, म्हणजे मानेवर टाकायच्या औषधांत, इमिडाक्लोप्रिडबरोबर परमेथ्रिन असतं. गोचीड आणि डासांना दूर ठेवण्यात ते चांगलं आहे, पण जे मांजर कुत्र्याला चाटतं, त्याला टेकून झोपतं, त्या घरात ते आणूच नये. मांजराला झटके दिसले तर घरी दूध-तूप पाजत वेळ घालवू नका. कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने अंग धुऊन, पुसून, उबदार गुंडाळून थेट दवाखाना.

नुसतं फिप्रोनिल मांजराला चालतं, पण ०.५ मिलीची मांजराची वेगळी पिपेट मिळते ती. कुत्र्याच्या पिपेटमधलं उरलेलं तिला टाकायचं नाही. घरात ससा असेल तर त्याला फिप्रोनिल मुळीच नाही, ससे दगावतात.

चिरेबंदी_वाडा

भिंतीवरून चढणारे गोचीड कुत्र्याचेच. गाईवरचा गोचीड अळी ते मोठा होईपर्यंत एकाच गाईवर राहतो, फक्त पोट भरलेली मादी अंडी घालायला गळून पडते. कुत्र्याचा तपकिरी गोचीड मात्र आयुष्यात तीनदा कुत्र्यावर चढतो आणि तीनदा उतरतो: अळी असताना, मग आठ पायांचं पिल्लू झाल्यावर, मग मोठा झाल्यावर. प्रत्येक वेळी रक्त पिऊन तो फटीत शिरतो, कात टाकतो आणि पुन्हा वाट बघतो. वर चढायची त्याची सवयच आहे. वासे, चौकटीच्या वरची फट, भिंतीतल्या खिळ्यांची भोकं, तसबिरीमागची जागा. चिऱ्याच्या भिंतीत तर प्रत्येक दगडाला भोकं असतात आणि सांध्यातला चुना कुठे ना कुठे सुटलेला असतोच.

एरंडीच्या बीसारखी टच्च फुगलेली करडी मादी फटीत जाऊन हजारो अंडी घालते आणि मरते. म्हणून तशी मादी भिंतीवर दिसली तर पायाने चिरडू नका, चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये बुडवा. उपाशी मोठा गोचीड फटीत महिनोन् महिने जिवंत राहतो. अंगावर ४ दिसत असतील तर घरात किती असतील याचा अंदाज त्यावरून करा.

काम असं करा. गोणपाट जाळून टाका. त्याऐवजी उकळत्या पाण्यात धुता येईल अशी सुती चादर, आणि आठवड्याला ती बदला. शक्य असेल तर झोपायची जागा भिंतीपासून हातभर आत आणा. पडवीतली कमरेएवढी भिंत आणि चौकटीच्या कडा सिमेंट-चुन्याने बुजवा. यातच निम्मी लढाई आहे, औषधाने फट बुजत नाही. मग कीटकनाशक फवारणी, घरात वापरायला परवानगी असलेलीच, लेबलावरच्या मात्रेने, फटींच्या आत नोझल घालून. कुत्रा, मांजर, मुलं बाहेर, मासळीची टाकी झाकलेली, आणि जमीन पूर्ण वाळेपर्यंत कुणी आत नाही. ३ ते ४ आठवड्यांनी पुन्हा, कारण अंड्यांवर फवारा चालत नाही. सायपरमेथ्रिन-डेल्टामेथ्रिनला दाद न देणारे गोचीड भारतात नोंदले गेलेत, त्यामुळे दोन फवारण्यांनंतर फरक नसेल तर तेच औषध जास्त कडक करू नका, गट बदला.

पिसवांचं वेगळं. अंडी अंगावर चिकटत नाहीत, घरंगळून चादरीत आणि जमिनीच्या भेगांत पडतात. सारवलेल्या जमिनीत अळ्या लपतात. कोषातल्या पिसूवर फवारा चालत नाही, म्हणून फवारल्यानंतरही दोन-तीन आठवडे नव्या पिसवा निघत राहतात. घाबरून मधेच औषध सोडू नका. मेथोप्रीन असलेलं फिप्रोनिल मिळालं तर उत्तम, ते पिसवांची अंडी-अळी वाढू देत नाही.

अंगण_संगमेश्वर

शाम्पूवर परमेथ्रिन लिहिलंय. मांजर सध्या नीट खातंय, थरथर नाही. शाम्पू आजपासून बंद. २.६८ ची पिपेट आत्ताच टाकू का? आणि रोज हाताने काढायचे गोचीड, त्यावर रॉकेल टाकलं तर ते सुटतात असं ऐकलंय.

पशुवैद्य_सातारा

शाम्पू बंद केला हे फार बरं झालं. मांजर दोन दिवस वेगळ्या खोलीत, वेगळ्या कपड्यावर ठेवा आणि नजर ठेवा.

२.६८ आत्ता नाही. जूनअखेरीच्या मात्रेला ४ आठवडे पूर्ण होऊ द्या, म्हणजे जुलैच्या शेवटच्या आठवड्यात टाका, आणि त्या दिवसापासून दर महिन्याला निदान ४ महिने. घरातल्या फटीत वाढणारी पिढी वर येऊन औषधाला लागायला तेवढा काळ हवा. तोवर रोज संध्याकाळी हाताने काढणं चालू ठेवा.

कोकणात पावसाळाभर कुत्रा ओलाच राहणार असेल तर डॉक्टरांशी तोंडाने द्यायच्या गोळीबद्दल बोला. फ्लुरालानर २० ते ४० किलोला १००० मिलिग्रॅमची, अफोक्सोलानर २५ ते ५० किलोला १३६ मिलिग्रॅमची. पहिली १२ आठवडे, दुसरी महिनाभर. पहिली जेवणाबरोबर द्यायची. आंघोळीचा प्रश्नच राहत नाही आणि मांजराला कुत्र्यापासून धोका नाही. कुत्र्याला कधी झटके आले असतील तर ते आधी सांगा, या गटाच्या औषधांत ती खबरदारी आहे. गोळी आणि पिपेट दोन्ही एकदम सुरू करायचं की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचं.

गोचीड काढताना रॉकेल, काडी, जळकं ऑइल, तंबाखूचं पाणी, काहीही नको. रॉकेलने कातडी भाजते, तंबाखू विषारी आहे, आणि बिथरलेला गोचीड पोटातलं रक्त उलट कुत्र्यात सोडू शकतो. बारीक टोकाचा चिमटा गोचिडाच्या पोटाला नव्हे, तोंडाला, कातडीला टेकवून धरा. सरळ वर, हळू, झटका न देता ओढा. सोंडेचा तुकडा राहिला तर कोरू नका, जागा पुसून सोडून द्या. हातमोजे घाला आणि नखाने चिरडू नका.

आणि हे मनावर घ्या. एर्लिशिया या गोचिडातून पसरणाऱ्या रोगाचे जंतू गोचीड चिकटल्यावर काही तासांतच आत जाऊ शकतात. गेल्या दोन महिन्यांत तुमच्या कुत्र्याला बरेच चावे बसलेत. हिरड्या रोज बघा, गुलाबी हव्यात. फिकट पडल्या, ताप, जेवण सोडणं, नाकातून रक्त, पोटावर लाल ठिपके, लघवी कॉफीसारखी, यातलं एक दिसलं तरी त्याच दिवशी रक्त तपासा. प्लेटलेटची मोजणी आणि स्मीअर (काचपट्टीवर रक्त पसरून केलेली तपासणी) दोन्ही सांगा. वेळेत पकडलं तर बहुतेक कुत्री बरी होतात.

मांजरपक्ष

शेपटीच्या बुडाशी किंवा गुदद्वाराभोवती तांदळाच्या दाण्यासारखं काही दिसलं तर तेही डॉक्टरांना सांगा. पिसू गिळल्याने होणारा पट्टकृमी असतो तो, त्याला प्राझिक्वाँटेल लागतं, किलोमागे ५ मिलिग्रॅम. मांजराचंही तपासा. तिचं वजन किती आहे?

अंगण_संगमेश्वर

३ किलो ४००. उद्या दोघांना घेऊन देवरुखला जाते.