कारवारला बदली, लेकीचं जमेल का?

महालकर: जावई नौदलात, पोस्टिंग कारवारला, आयएनएस कदंब या नौदल तळावर. लेक तर्री-पोह्याशिवाय सकाळ न मानणारी. गाव कसं आहे जी?

माजी कारवारी: तळ गावात नाही, दक्षिणेला अरगाकडे, २००५ पासूनचा. गाव छोटं. बोलणं कोकणी, मराठीही चालून जातं. पावसाळ्यात मात्र कपडे वाळत नाहीत, कपाटातल्या चामडी चपलांना बुरशी धरते. आपला वाळ्याचा कूलर नेऊ नका, दमट हवेत तो काय थंडावा देणार!

धरमपेठी: किनाऱ्यावर आयएनएस चपल ही जुनी क्षेपणास्त्र नौका मांडून ठेवलीय, नातवंडांना दाखवा. काळी नदीपलीकडे सदाशिवगड.

महालकर: अन् सावजी मसाला?

माजी कारवारी: डबा भरून पाठवा. बांगड्यालाही लावून पाहा म्हणावं.