कनॅपोलिस: टॉवेलांच्या गावातलं लहानपण

विषय: दिवाळी अंक, आठवणी पाठवा

नमस्कार मंडळी,
यंदाच्या अंकात एक विभाग इथे अमेरिकेच्या दक्षिणेत वाढलेल्यांसाठी ठेवलाय. पुण्या-मुंबईच्या आठवणी दर वर्षी येतात आणि त्या हव्याच आहेत, पण आपली जी मुलं कॅरोलायना, जॉर्जिया, टेनेसीच्या छोट्या गावांत शाळेत गेली, इथेच मोठी झाली, त्यांचं कुणीच काही लिहीत नाही. मराठी जमेल तसं लिहा, शुद्धलेखन आम्ही बघतो. कुठलं गाव, शेजारी कोण होते, शाळा कशी होती, काहीही चालेल.
– अंकाची संपादिका

उत्तर: दिवाळी अंक, आठवणी पाठवा

मावशी, मी लिहिते. मी उत्तर कॅरोलायनातल्या कनॅपोलिसची. तुमच्यापैकी कितीतरी जण आता कॉनकॉर्डला राहतात, तिथून अगदी लागून आहे, पण नवीन आलेल्यांना तिथे आधी काय होतं हे माहीतच नसतं.

बाबा व्हीजेटीआयचे टेक्स्टाइलवाले. लोअर परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होते. 1982 चा संप झाला, त्यानंतर गिरणगावात काही राम उरला नाही, मग ते रालीला एन.सी. स्टेटमध्ये टेक्स्टाइलचं एम.एस. करायला आले आणि 1989 मध्ये नोकरी लागली म्हणून आम्ही सगळे कनॅपोलिसला, मी तेव्हा पहिलीत पण नव्हते.

गाव म्हणजे गिरणी, दुसरं काही नाही. जे. डब्ल्यू. कॅनन नावाच्या माणसाने 1906 मध्ये शेतजमीन घेऊन गिरणी काढली आणि भोवती गाव वसवलं, टॉवेल, चादरी, सगळ्या अमेरिकेच्या बाथरूममध्ये इथला माल. कामगारांची पांढरी लाकडी घरं गिरणीच्या मालकीची, भाडं अगदी कमी. 1984 पर्यंत गावाला स्वतःची नगरपालिकासुद्धा नव्हती, इतकं मोठं गाव आणि ते एका कंपनीचं! बाबा घरी आले की भुवयांवर, कॉलरच्या आतल्या बाजूला कापसाची बारीक लव असायची, आई दारातच शर्ट झटकायला लावायची. आमच्या घरात कधी टॉवेल विकत आणलाय असं मला आठवत नाही, सगळे सेकंड्स, एखादा दोरा ओढला गेलेला किंवा काठ तिरका. दादरला जाताना बॅगा टॉवेलांनीच भरायच्या आणि येताना त्यात सोलापुरी चादरी यायच्या.

शेजारी एक आजी होत्या. चौदा-पंधराव्या वर्षी गिरणीत लागलेल्या, विणकाम करून रिटायर झालेल्या. साच्यांच्या आवाजात ऐकू येत नाही म्हणून ही सगळी माणसं ओठ वाचायला शिकलेली असायची, त्यामुळे आजींशी बोलताना तोंड त्यांच्याकडे करून बोलावं लागायचं आणि त्या स्वतः खूप मोठ्यांदा बोलायच्या. छातीत सारखी घरघर. कापसाच्या धुळीने फुप्फुसं जातात हे इथे सरकारने नियम करून मान्य केलं 1978 मध्ये, तोवर त्यांचं निम्मं आयुष्य आत गेलं होतं. पहिल्याच आठवड्यात पोर्चवरून हाक मारून त्यांनी विचारलं, तुम्ही कुठल्या चर्चला जाता? आईला कळेना काय सांगावं, तिने खरं ते सांगितलं, आणि आजी म्हणाल्या बरं, पण उन्हाळ्यात पोरीला बायबल स्कूलला पाठवा, आइस्क्रीम असतं. आईने पाठवलं. गोष्टी ऐक, गाणी म्हण आणि घरी येऊन शुभंकरोति म्हण, एवढंच ती म्हणाली. मला आजही वाटतं की आईचं ते बरोबर होतं. आमच्या ओळखीतल्या काही घरांत मुलांना अशा ठिकाणी पाठवायचे नाहीत आणि मग ती मुलं वर्गात एकटी पडायची.

सगळं गोड नव्हतं. शाळेत डब्याला वास येतो म्हणून नाकं मुरडणारी होती, बसमध्ये माझ्या रंगावरून बोलणारी होती, आणि काळी मुलं एका टेबलावर गोरी दुसऱ्या, त्यात मी कुठे बसायचं हा प्रश्न रोजचा होता. शेवटी मी बँडमध्ये क्लॅरिनेट घेतलं, बँडवाल्यांचं टेबल वेगळं असायचं आणि तिथे सगळे एकत्र बसायचे.

बँड म्हणजे शुक्रवारची रात्र. ज्यांनी दक्षिणेतलं हायस्कूल फुटबॉल पाहिलं नाही त्यांना कसं सांगू, गावात त्या दिवशी चिटपाखरू दिसत नाही, सगळे स्टेडियमवर. आमची शाळा ए. एल. ब्राउन, हिरवा-पांढरा रंग, आणि वैरी म्हणजे कॉनकॉर्ड हायस्कूल. त्यांच्याशी मॅच 1931 पासून चालू आहे आणि जिंकणाऱ्याला रेल्वेची एक जुनी घंटा मिळते, ती मग आपल्या रंगात रंगवायची. बाबांना नियम शेवटपर्यंत नीट कळले नाहीत तरी एकही घरची मॅच चुकवली नाही, आणि ओळीतले सगळे गिरणीवाले त्यांना वर सरकून जागा द्यायचे. आम्ही शेंगदाणे खायचो, चीअरवाइन प्यायचो (चेरीचं लाल कोल्ड्रिंक, जवळच्या सॉल्झबरीत बनतं, 1917 पासून), आणि घरी येऊन आई वरणभात वाढायची.

2001 च्या फेब्रुवारीत डेटोनाच्या मोटार शर्यतीत शेवटच्या फेरीला प्रसिद्ध रेसर डेल अर्नहार्ट अपघातात गेले. ते कनॅपोलिसचेच. दुसऱ्या दिवशी शाळेत मास्तर शिकवतच नव्हते, मुलं डोकं खाली घालून बसलेली, गावभर त्यांच्या गाडीचा तीन नंबर लिहिलेले काळे झेंडे. मला रेसिंगमधलं काही कळत नव्हतं पण मीही रडले.

आणि मग 30 जुलै 2003. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षानंतर सुट्टीला घरी होते. गिरणी तोवर पिलोटेक्स कंपनीची झाली होती, त्या दिवशी ती कायमची बंद झाली, उत्तर कॅरोलायनात साडेचार हजारांहून जास्त लोकांची नोकरी एका दिवसात गेली, राज्यात तोवर इतकी मोठी कपात कधी झाली नव्हती. बाबा आधीच गिरणी सोडून कम्युनिटी कॉलेजात शिकवायला लागले होते. आता तिथे नुसती रीघ लागली. यातल्या कितीतरी जणांनी हायस्कूलसुद्धा पूर्ण केलं नव्हतं, शाळा सोडून थेट गिरणीत, आणि आता पन्नाशीला जीईडीची, म्हणजे हायस्कूलच्या बरोबरीची परीक्षा द्यायची.

शेजारच्या आजींची मुलगी त्यात होती. संध्याकाळी आमच्या किचन टेबलवर बाबांकडे अपूर्णांक शिकायला यायची. मला येत नाही, माझं डोकं चालत नाही, असं म्हणून पेन्सिल ठेवून द्यायची. बाबांनी एक दिवस आतून टॉवेल आणला, तिच्यापुढे ठेवला आणि विचारलं, हा काठ किती? तिने बोट फिरवलं आणि म्हणाली एक इंच आणि तीन सोळांश. पट्टी लावली, बरोबर तेवढाच. बाबा म्हणाले हेच अपूर्णांक, तू तीस वर्षं हेच करतेयस, फक्त कागदावर मांडलं नव्हतंस. त्यानंतर तिने पुस्तक पुढे ओढलं.

तो टॉवेल उलटून तिने लेबल वाचलं. आईने नुकताच दुकानातून आणलेला, आमच्या घरातला बहुतेक पहिलाच विकतचा, मेड इन इंडिया. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. गावात तेव्हा जो तो बोलत होता की आमचं काम चीनला, इंडियाला, पाकिस्तानला गेलं, आणि आम्ही इंडियाचे. ती बाबांना म्हणाली, हे तुमच्या गावाला बनतात का? बाबा म्हणाले, सोलापुरात बनतात, पण मी ज्या गावाहून आलो तिथल्या गिरण्या तुमच्या आधीच गेल्या. संपात किती लोक होते ते त्यांनी सांगितलं, अडीच लाख. तिला आधी खरंच वाटेना. मग ती विचारत बसली, त्यांना पगार किती होता, घरं कुणाची होती, बायका पण साच्यावर होत्या का, आणि त्या रात्री अभ्यास काही झाला नाही.

ती पास झाली. एका दवाखान्यात ऑफिसचं काम मिळालं, पगार गिरणीपेक्षा कमी.

मावशी, फार लांबलं, हवं तिथे कापा.

उत्तर: उत्तर: दिवाळी अंक, आठवणी पाठवा

बाळ, तुझं वाचलं आणि दोनदा वाचलं. मी शिवडीच्या चाळीत वाढलो, वडील सूतखात्यात, संपानंतर परत कामावर घेतलंच नाही. माझं शिक्षण आईने खानावळ चालवून केलं. तुझ्या बाबांच्या ओळखीचं कुणीतरी नक्की निघेल, त्यांचा नंबर मला वेगळा कळव.
एक विचारायचं होतं. आमच्याकडे फिनिक्स मिलचा मॉल झाला, बाकीच्यांचे टॉवर झाले, कामगारांना घरं देणार म्हणून म्हाडाने लॉटरी काढली ती 2012 मध्ये, तोवर किती जण वारले. तुमच्या गावात त्या जागेवर काय झालं? आणि ती पांढरी घरं, त्यातून लोकांना काढलं का?
– मॅथ्यूजचा काका

उत्तर: उत्तर: उत्तर: दिवाळी अंक, आठवणी पाठवा

काका, बाबांना तुमचं मेल मोठ्याने वाचून दाखवलं, ते लगेच कुठली गिरणी, कुठलं वर्ष, जॉबर (मुकादम) कोण असं विचारायला लागले. नंबर वेगळा पाठवलाय, संध्याकाळी सातनंतर करा.

गिरणी पाडली. 2006 मध्ये चिमण्या सुरुंग लावून पाडल्या, लोक खुर्च्या घेऊन बघायला आले होते आणि कितीतरी जण रडत होते. तिथे आता रिसर्च कॅम्पस आहे, विद्यापीठांच्या लॅब, आहार आणि आरोग्यावर संशोधन. पहिली मोठी इमारत 2008 मध्ये उघडली, मोठा घुमट वगैरे. चांगलं काम चालतं, मला त्याबद्दल वाईट बोलायचं नाही, पण साच्यावरच्या माणसाला तिथे काय काम मिळणार, पीएचडी लागते. घरांचं मात्र तुमच्यापेक्षा बरं झालं. 1982 मध्ये मालक बदलल्यावर ती विकायला काढली आणि पुष्कळ भाडेकरूंनी आपापलं घर घेतलं, म्हणून गिरणी गेली तेव्हा डोक्यावर छप्पर तरी राहिलं. आजींनी पण घेतलं होतं. त्या आता नाहीत, मुलगी तिथेच राहते.

मावशी, तिच्याबद्दलचा भाग छापायच्या आधी मी तिला इंग्रजीत वाचून दाखवणार आहे, तिने हो म्हटलं तरच ठेवा. फोटो दोन आहेत, एक बँडच्या युनिफॉर्ममधला आणि एक जेम थिएटरसमोरचा, जुनं एका पडद्याचं थिएटर, स्कॅन करून रविवारपर्यंत पाठवते.

आणि काका, ऑक्टोबरात एखाद्या शुक्रवारी या, बाबा येतात अजून मॅचला.