मदत हवी आहे: ऑनलाइन लेक्चर सुरू झालं की गडबडायला होतं, उद्या परत आहे

कॉलेजरोडकर
कोणीतरी लवकर सांगा, उद्या पाचला परत लेक्चर आहे. वर्गात मला काहीच अडचण येत नाही. फळ्यापाशी उभी राहिले की तास कधी संपला ते कळत नाही. ऑनलाइन सुरू केलं की थोड्याच वेळात घसा कोरडा पडतो, वाक्यं अर्धवट सुटतात, तोंडपाठ आहे तेही कागदात बघून वाचावंसं वाटतं. मुलांचे कॅमेरे बंद, समोर चौकोनांत नुसती नावांची पहिली अक्षरं. "कळलं का?" विचारलं की शांतता. 'सराव करा', 'आत्मविश्वास ठेवा' हे घरच्यांनी सांगून झालंय. नेमकं काय करायचं ते हवंय.

निफाडचा_मास्तर
मीट की झूम? लॅपटॉप की मोबाइल? विषय कोणता, मुलं किती, कुठली? यावर बरंच अवलंबून आहे.

आवाजवाला
घसा कोरडा पडतो कारण तुम्ही नकळत मोठ्यानं बोलताय. लॅपटॉपच्या आतल्या माइकसमोर सगळ्यांचंच असं होतं. कॉलरला लावायचा माइक घ्या. घेताना पिन बघा. मोबाइलसाठीच्या माइकच्या पिनेवर तीन रेघा असतात, कॅमेऱ्याच्या माइकला दोन. जुन्या लॅपटॉपला हेडफोन आणि माइकची भोकं वेगळी असतील तर तीन रेघांची पिन सरळ चालत नाही, मध्ये कनेक्टर लागतो. नाशकात मेन रोडला मिळतो.

कॉलेजरोडकर
माइक आहे. आवाज स्वच्छ येतो असं मुलांनीच सांगितलंय. मीट, लॅपटॉप, एस. वाय. बी. ए. अर्थशास्त्र, साठेक मुलं. हे सगळं कशाला लागतं पण? प्रश्न बोलण्याचा आहे.

जुना_संमंत्रक
मॅडम, लागतं. आपल्या नाशकात मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. समोर नसलेल्या विद्यार्थ्याला शिकवणं इथे नवीन नाही. मी बरीच वर्षं संमंत्रण वर्ग, म्हणजे तिथल्या विद्यार्थ्यांचे मार्गदर्शनाचे तास, घेतले, पुढे तेच ऑनलाइनही घेतले. माझा उपाय एकच: तास पूर्ण लिहून काढायचा. पहिलं वाक्य, उदाहरण, थांबायची जागा, सगळं. लिहिलेलं समोर असलं की जीभ अडखळत नाही.

पंचवटी_पॅसेंजर
काका, आदर ठेवून सांगतो, हे मला पटत नाही. वाचलेलं मुलांना लगेच कळतं, आवाज सपाट होतो आणि डोळे एका रेषेत फिरत राहतात. मॅडम म्हणतातच की त्यांना वाचावंसं वाटतं आणि तोच त्रास आहे. फक्त पहिली दोन मिनिटं आणि शेवटचं एक मिनिट लिहा. मधलं पाच-सहा शब्दांत, मोठ्या अक्षरात, कॅमेऱ्याच्या मागे भिंतीवर चिकटवा.

जुना_संमंत्रक
लिहिणं म्हणजे वाचून दाखवणं नव्हे. लिहिताना विचार जागेवर बसतो, तो बसला की कागद बाजूला ठेवा. तुमच्या पिढीला लिहायचाच कंटाळा.

मन_आणि_मेंदू
दोघंही थांबा जरा. मॅडम, बोलताना तुम्हाला स्क्रीनवर स्वतःचा चेहरा दिसतो का? स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची चार कारणं मांडली: चेहरे फार जवळ दिसणं, स्वतःकडे सतत बघत राहणं, एका जागी खिळून बसणं, आणि हावभाव समजून घ्यायला व द्यायला लागणारे जास्तीचे कष्ट. तुमच्याकडे तर पहिलं उलटं आहे, चेहरेच नाहीत, आणि बाकीची तीन पूर्ण लागू. मीटवर स्वतःच्या चौकोनावर गेलात की तो लहान करता येतो. नाही जमलं तर त्या कोपऱ्यावर कागद लावा. आणि उभं राहून शिकवा. लॅपटॉप डोळ्यांच्या उंचीला येईल इतकी पुस्तकं खाली ठेवा. तुम्ही आयुष्यभर उभ्यानं शिकवलंय, श्वासाला तीच सवय आहे.

सातपूर_६७
सगळ्यांना कॅमेरा सक्तीचा करा, जो लावणार नाही त्याची हजेरी नाही. आठवड्यात सरळ होतात.

दिंडोरीची_लेक
सातपूर दादा, मी त्या चौकोनातली एक होते. घरात एक खोली, मागे आजी झोपलेली, आई स्वयंपाक करतेय, आणि दिवसाचा डेटा दुपारीच संपत आलेला. कॅमेरा लावला की आवाज तुटायचा. सुरगाणा, पेठकडच्या माझ्या मैत्रिणी रेंजसाठी टेकाडावर जायच्या. आम्ही ऐकत होतो, वह्या भरलेल्या आहेत. मॅडम, 'कळलं का?' याला कोणीच उत्तर देत नाही, कारण 'नाही' म्हणायचं तर साठ जणांपुढे माइक उघडून म्हणावं लागतं.

सातपूर_६७
अडचण असेल त्यांना सूट द्या ना. बाकीचे झोपलेले असतात.

इंदिरानगरकर
आमच्याकडे संध्याकाळी पाचलाच वीज जाते. राउटरला लावायचा छोटा १२ व्होल्टचा बॅकअप कोणी वापरलाय का? किती वेळ चालतो?

सेटची_तयारी
मॅडम, अर्थशास्त्राच्या सेट परीक्षेसाठी (प्राध्यापकपदाची पात्रता) पेपर दोनला कोणत्या नोट्स वापरल्या? मराठी माध्यम चालेल का?

कॉलेजरोडकर
कृपया विषयावर रहा. चेहरा लहान करून बघते. कॅमेरा सक्तीचा मी करणार नाही, दिंडोरीची लेक म्हणते तशीच बरीच मुलं माझ्याकडे आहेत. पण काहीही केलं तरी ते रेकॉर्डिंग चालू असतं, त्यामुळे एक शब्द चुकला तरी...

निफाडचा_मास्तर
कसलं रेकॉर्डिंग? हे आधी कुठे सांगितलं?

कॉलेजरोडकर
सगळ्यांचंच होतं ना? पूर्ण तास रेकॉर्ड होतो आणि त्याच दिवशी यूट्यूबवर जातो. विभागातले ज्येष्ठही बघतात. मी तासिका तत्त्वावर आहे, म्हणजे तासांप्रमाणे मानधन, नोकरी कायम नाही, पुढच्या वर्षीची नेमणूक त्यांच्याच हातात.

मन_आणि_मेंदू
मग घसा कोरडा पडणारच! तुम्ही साठ मुलांना शिकवत नाही आहात, न दिसणाऱ्या परीक्षकांना तोंड देत आहात. वर्गात चुकलेलं वाक्य दुसऱ्या वाक्यानं सुधारता येतं, इथे ते कायमचं राहतं असं वाटतं. तुमचं शिकवणं बिघडलेलं नाही.

निफाडचा_मास्तर
आता नीट सांगतो. मीही तासिकेवरच होतो, अर्थशास्त्रच.

तासाचे दोन भाग करा. संकल्पना सांगायची वीसेक मिनिटं रेकॉर्ड करा. मग रेकॉर्डिंग थांबवा आणि मुलांना तसं स्पष्ट सांगा: "आता रेकॉर्डिंग बंद आहे, विचारा." मीटवर तासाच्या मध्ये थांबवता येतं, पुन्हा सुरू केलं तर वेगळी फाइल होते. विभागप्रमुखांना आजच मेसेज करा. कारण खरंच आहे: प्रश्न विचारणाऱ्या मुलांचा आवाज आणि नाव त्यांना न विचारता जगासमोर जाऊ नये. यावर सहसा कोणी अडवत नाही. शिवाय यूट्यूबवर चढवल्यावरही मधला तुकडा कापता येतो, म्हणजे चुकलेलं वाक्य कायमचं नसतं.

दुसरं, उत्तर देता येईल असा प्रश्न विचारा. उद्या काय आहे, मागणीची लवचीकता (भाव बदलला की मागणी किती बदलते ते)? सुरुवातीलाच चॅटमध्ये विचारा: "आज तुमच्या जवळच्या बाजार समितीत कांदा काय भावानं गेला?" तुमची अर्धी मुलं निफाड, चांदवड, कळवण, सटाण्याची असणार. लासलगाव, पिंपळगाव, उमराणे, धडाधड आकडे येतील. कोणाला माइक उघडावा लागत नाही, कोणाचं चुकत नाही. मग विचारा, भाव दुप्पट झाला तर तुमच्या घरी कांदा निम्मा खातात का? अलवचीक मागणी, म्हणजे भाव वाढूनही फारशी न घटणारी, तिथेच कळते, आणि तुम्हालाही पलीकडे माणसं बसलेली जाणवतात.

तिसरं, प्रश्न विचारून थांबा. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७० च्या दशकात दाखवलं होतं की शिक्षक प्रश्नानंतर साधारण एकच सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब आणि जास्त येतात. ते वर्गातलं. इथे आवाज पोचायला वेळ, टाइप करायला वेळ, तेही मराठीत. मनात सावकाश पंधरापर्यंत मोजा. पाणी प्या तेवढ्यात.

पंचवटी_पॅसेंजर
चॅट वाचत बोलणं अवघड जातं. एका मुलीला किंवा मुलाला ते काम द्या, दर आठवड्याला वेगळं. तो मध्येच नावानिशी सांगेल की अमक्यानं हे विचारलंय.

जुना_संमंत्रक
कांद्याचा प्रश्न उत्तम. तोही लिहून ठेवा.

कॉलेजरोडकर
विभागप्रमुखांना मेसेज केला. पहिली वीस मिनिटं रेकॉर्ड करा, बाकी तुम्ही ठरवा असं उत्तर आलं. विषय लवचीकताच आहे. पहिली दोन मिनिटं आत्ता लिहितेय, बाकी भिंतीवर. एकच शंका: भावाचे आकडे आले आणि मुलं भावावरच भांडत बसली तर? सध्या घरोघरी तोच विषय आहे.

निफाडचा_मास्तर
पाच मिनिटं भांडू द्या. मग आकडे एका तक्त्यात मांडून स्क्रीनवर घ्या आणि त्यांच्याच आकड्यांवर गणित करा. भावाचा राग त्यांच्या घरातला आहे, त्याला वर्गात जागा मिळाली तर पुढचा धडा ते स्वतः मागतील.

इंदिरानगरकर
राउटरच्या बॅकअपचं कोणी सांगेल का?

आवाजवाला
राउटरच्या अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात, आधी ते बघून इथे टाका. १२ व्होल्टचा असेल तरच तो चालेल.