ट्रॅक्टर, रोटाव्हेटर धुवायला प्रेशर वॉशर कोणता घ्यावा?

ट्रॅक्टर, रोटाव्हेटर आणि वर्कशॉपमधली ऑइलने माखलेली अवजारं धुवायची आहेत. दुकानात नुसता बारचा (म्हणजे प्रेशरचा) आकडा सांगतात, त्यावरच घ्यायचं का? रोज तासभर तरी चालला पाहिजे.

उत्तर १: नुसता बार बघू नका हो, मिनिटाला किती लिटर पाणी फेकतो ते आधी विचारा. वाळलेला चिखल प्रेशरने सुटतो पण वाहून नेतं ते पाणीच, त्यामुळे १५० बार आणि १० लिटरच्या वरचा मिळाला तर काम झटपट होतं, ६ लिटरवाला कार-बाईकला ठीक आहे. आणि रोज चालवायचाय तर मोटर इंडक्शनचीच (बिनब्रशची) घ्या, कार्बन ब्रशवाली आवाज जास्त करते आणि लवकर झिजते.

उत्तर २: ग्रीस नुसत्या गार पाण्याने नीट निघत नाही. आधी डिग्रीझर (तेल-ग्रीस सोडवणारं लिक्विड) मारा, थोडा वेळ ठेवा पण सुकू देऊ नका, मग धुवा.

उत्तर ३: नोझल २५ किंवा ४० डिग्रीचा, म्हणजे पंख्यासारखा पसरट फवारा मारणारा लावा. बेअरिंग, ऑइल सील, वायरिंग, रेडिएटरची जाळी यावर जवळून अजिबात मारू नका, सीलमधून पाणी आत गेलं की बेअरिंग गेलंच समजा, आणि धुवून झालं की ग्रीस पॉइंटला ग्रीस भरा. टाकीतून पाणी ओढणार असाल तर सेल्फ प्रायमिंग (स्वतः पाणी ओढून घेणारा) आहे का तेही विचारा, पंप कोरडा चालला की खराब होतो.