मदत हवी आहे: आईबाबांना युटातला संगम कुठून दाखवू?
ऑक्टोबरमध्ये आईबाबा येताहेत. आम्ही कऱ्हाडचे, कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन भेटतात ते बघत वाढलेलो. बाबांची फोनवर एकच मागणी, "तुमच्याकडचा एखादा संगम दाखव." म्हणून कॅन्यनलँड्स नॅशनल पार्कमध्ये ग्रीन आणि कोलोरॅडो नद्या मिळतात तिथे न्यायचं डोक्यात आहे.

पण पार्कच्या नीडल्स भागातून कन्फ्लुअन्स ओव्हरलुकची पायवाट जाऊन-येऊन १६ किलोमीटर, वाटेत पाण्याचा थेंब नाही. बाबांचे गुडघे तर जिन्यावरच कुरकुरतात. पार्कच्या दुसऱ्या भागात, आयलंड इन द स्कायला, गाडी कड्याच्या जवळ जाते, पण तिथून संगम दिसत नाही.

पार्कजवळच्या मोआब गावाहून छोट्या विमानातून कुणी पाहिलाय का? आईला साधी बस लागते, त्यामुळे धाकधूक आहे. की सरळ युटातलंच गूसनेक्स स्टेट पार्क गाठू? तिथे पार्किंगपासून चार पावलांवर कडा, खाली ३०० मीटरवर सॅन हुआन नदी. अडीच किलोमीटर पुढे सरकायला जवळजवळ १० किलोमीटर वळसे घेते! पण बाबा म्हणणार, "छान आहे, पण दुसरी नदी कुठाय?"

वयस्कर मंडळींना घेऊन कुणी गेलं असेल तर प्लीज सांगा. मुक्काम मोआबला करावा की गूसनेक्सच्या बाजूच्या ब्लफ गावात?